कूस बदलायला दोघी

एखादी गोष्ट मोजणे आणि तिची कदर करणे ह्या दोन क्रिया आपण सहसा परस्परांपासून दूर ठेवतो. मोजणारा तो शुष्क, कदर करणारा तो सहृदय, अशी आपली सोयीची समजूत असते. न्यायशास्त्राच्या प्राचीन अभ्यासकांना ही समजूत मान्य झाली नसती. ज्ञेय वस्तूकडे वळण्याआधी त्यांनी प्रमाणांचा विचार मांडला. जाणण्याचे साधन आधी पारखावे, मग जाणलेल्याविषयी तोंड उघडावे, हा त्यांचा दंडक. ग्रंथात वाचताना तो अगदी सोपा वाटतो. परंतु ज्या साधनावर आपला चरितार्थ चालला, ज्याच्यामुळे चार लोकांत मान मिळाला, तेच साधन सदोष असेल अशी शंका मनात शिरू देणे, आणि शिरलेली शंका झाकून न ठेवता चारचौघांत उघडी करणे, ह्यासाठी जे धैर्य लागते त्याला आपल्या भाषेत नेमके नाव नाही. विनय म्हणावे तर शब्द सौम्य पडतो. सत्यनिष्ठा म्हणावे तर त्यात थोडा ताठा येतो, आणि ज्या बाईंच्या ठायी मी हे धैर्य पाहिले त्यांच्या अंगी ताठा औषधालाही नव्हता. तेव्हा व्याख्येचा हव्यास सोडून त्यांची हकीकत सांगणेच बरे.

सारी वस्ती त्यांना प्रश्नवाल्या बाई म्हणे. त्यांचे यजमान कपडे शिवत. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचे शिलाईयंत्र होते, मागच्या दोन खोल्यांत संसार. वरच्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड असल्यामुळे यंत्राची घरघर आणि बाईंच्या सासूबाईंचा स्वर, हे दोन्ही आमच्या दिवसाचे अविभाज्य भाग होते.

बाई आरोग्य मंडळात नोकरीला होत्या. शहरातल्या रुग्णालयांवर देखरेख ठेवणारे हे मंडळ. रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसांकडे जाऊन, तिथे त्यांची शुश्रूषा कशी झाली हे विचारून यायचे, हे बाईंचे काम. त्या उत्तरांवरून मंडळ रुग्णालयाला श्रेणी देई, आणि श्रेणीवरून पुढल्या वर्षी कुठे किती माणसे नेमायची, कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरे. थोडक्यात, आजाऱ्याच्या मुखातून निघालेला शब्द बाईंच्या पिशवीतून मंडळाच्या मेजावर पोहोचे, आणि तिथून त्याचे रूपांतर दुसऱ्या कुणा आजाऱ्याच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या किंवा न राहणाऱ्या परिचारिकेत होई. बाईंना ह्या साखळीची जाणीव होती. म्हणूनच पायांत चांगल्या जाड तळव्यांचे बूट, खांद्यावर कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर एक प्रसन्न गांभीर्य घेऊन त्या घराबाहेर पडत. एखाद्या व्रतस्थ माणसाची पावले असावीत, तशी त्यांची पावले मला जिन्यावरून ऐकू येत.

पिशवीत त्यांचे मुख्य आयुध असे: एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड. त्यावर पाच चेहरे काढलेले. एका टोकाला तोंडभर हसणारा, दुसऱ्या टोकाला रडणारा, मधले तीन अधल्यामधल्या भावांचे. वाचता न येणाऱ्यालाही उत्तर देता यावे म्हणून मंडळाने ते करवून घेतले होते. प्रश्न विचारायचा, कार्ड पुढे करायचे, आणि समोरच्याने बोट ठेवायचे. कल्पना चांगली होती. मोठ्या रुग्णालयाच्या सामान्य कक्षातून परतलेली माणसे मात्र कार्ड नीट पुढे येण्याआधीच हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून मोकळी होत.

एका सुताराच्या बायकोने तर बाईंना दारातच म्हटले होते, “आलात का बाई? बसा, पाणी घ्या. आणि काढा ते कार्ड, बोट ठेवून टाकते.”

“अहो, प्रश्न तरी ऐकाल की नाही?”

“प्रश्न कुठला का असेना, बोट तिथंच जायचंय. उगाच तुमचा घसा कशाला सुकवता?”

आतून सुतार ओरडला, “तो हसरा माझ्या मेव्हण्यासारखा दिसतो म्हणून आवडतो तिला! माझं थोबाड शेवटच्या चित्रात आहे, बघा.”

बाई हसल्या, नोंद केली, उठल्या. पुढे कित्येक महिन्यांनी हा संवाद त्यांना शब्दन्‌शब्द आठवणार होता, आणि त्या वेळी त्यांना हसू येणार नव्हते.

त्या रुग्णालयाची रचना सांगितली पाहिजे. वरच्या मजल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या स्वतंत्र खोल्या. खाली सामान्य कक्ष, म्हणजे एक लांबच लांब दालन, एका बाजूला बायकांच्या खाटांची रांग, दुसऱ्या बाजूला पुरुषांच्या, आणि प्रत्येक पाळीत दोन परिचारिका. शस्त्रक्रिया करणारे हात दोन्हीकडे तेच, औषधेही तीच. वरच्या मजल्यावरून उतरलेल्या माणसांकडे बाई जात तेव्हा त्यांची बोटे कार्डावर मोकळेपणाने हिंडत. पडद्याला एक कडी नाही, सकाळचा चहा गार येतो, शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांचा गलका असतो. तक्रार नोंदली जाई आणि महिनाभरात कडी लागे, चहा गरम येई. खालच्या दालनाची तक्रारच नव्हती, त्यामुळे तिथे काही बदलण्याचा प्रश्न उद्भवत नसे.

एका वर्षी उत्तरांची गोळाबेरीज झाली आणि सामान्य कक्षाने वरच्या मजल्याला मागे टाकले. मंडळाचे सचिव हुशार गृहस्थ, कामसू, व्यवस्थेवर मनापासून श्रद्धा असलेले. त्यांनी बाईंना बोलावून प्रशस्तिपत्र दिले आणि म्हणाले, “बघा बाई, कमी खर्चात जास्त समाधान! गरिबाला दुय्यम वागणूक मिळते म्हणून जे ओरडतात ना, त्यांच्या तोंडावर टाकायला तुमची उत्तरं पुरेत.” मग त्यांनी एक प्रस्ताव मांडला. जिथे समाधान भरून वाहते आहे तिथल्या दोन परिचारिकांपैकी एक, जिथे असमाधान आहे तिथे, म्हणजे वरच्या मजल्यावर, कायमची हलवावी. तशीही ती अधूनमधून वर उसनी नेली जातच होती. पुढल्या बैठकीत ह्यावर शिक्कामोर्तब व्हायचे होते.

बाईंनी प्रशस्तिपत्र घरी आणून यंत्रावरच्या भिंतीला लावले. सासूबाईंनी ते लांबून पाहिले आणि म्हणाल्या, “वाकडं लावलंय.”

ह्या सासूबाईंविषयी दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. तक्रार ही त्यांची कला होती. चहा आला की तो एक तर कढत असे नाही तर निवलेला. उशी उंच किंवा सपाट. सून लवकर आली तर काम अर्धवट टाकून आली, उशिरा आली तर घराची आठवण नाही. ‘बरं झालंय’ एवढे दोन शब्द त्यांच्या मुखातून ऐकण्यासाठी बाईंनी लग्नापासून वाट पाहिली होती. वास्तविक जीव होता सुनेवर. पण कौतुक ही वस्तू बोलून हलकी करायची नसते, असा काहीसा त्यांचा समज असावा.

तर ह्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. मोठ्या रुग्णालयात, खालच्या दालनात त्यांना ठेवले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. भेटीची वेळ संध्याकाळची. बाई आणि त्यांचे यजमान जात तेव्हा चादर नुकतीच बदललेली असे, म्हातारीचा चेहरा पुसलेला, केस विंचरलेले. काही आठवड्यांनी त्यांना घरी आणले. पहिल्याच दिवशी अंग पुसताना बाईंचा हात थबकला. कमरेखाली, माकडहाडाशी, एक खोल, ओलसर जखम होती. कूस न बदलता तासन्‌तास पडून राहिल्यावर होते ती.

बाईंनी रजा घेतली, जखम धुऊन पट्टी करायला शिकल्या, रोज करू लागल्या. यजमानांनी शिवणाची कामे परत पाठवली, कारण आईला कुशीवर वळवायला बाईंच्या एकट्या हातांचे बळ पुरत नसे.

एका दुपारी पट्टी झाल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. “सगळ्या गावाला विचारत हिंडतेस. माझी पाळी कधी?”

“घरच्या माणसांना विचारायचं नसतं आई. नियम आहे.”

“मग खोटं खोटं विचार. पडून पडून कंटाळले मी. काढ ते कार्ड.”

बाईंनी कार्ड काढले. खेळ म्हणून खुर्ची समोर ओढली आणि कामावरचा स्वर लावला. “रुग्णालयात तुमची शुश्रूषा कशी झाली?”

ज्या स्त्रीने उभ्या जन्मात कशालाही चांगले म्हटले नव्हते, तिचे सुरकुतलेले बोट सरळ पुठ्ठ्यावरून चालत गेले आणि तोंडभर हसणाऱ्या चेहऱ्यावर टेकले.

बाईंचा हात कार्डासकट खाली आला. “आई, पाठीच्या जखमेचं काय?”

“तिचं काय? भरेल.”

“आणि तरी तुम्ही ह्या हसऱ्यावर बोट ठेवता? माझ्या हातच्या चहाला आजपर्यंत मधल्या चेहऱ्याच्या पुढं जाऊ दिलं नाहीत तुम्ही!”

“तुझ्या चहानं कुणाची नोकरी जात नाही!” म्हातारी उसळली, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, “अगं, ती सिस्टर एकटी पोर. दुसरी असते, पण तिला वर घेऊन जातात. कूस बदलायला दोघी लागतात गं. मी ही अशी, हाड मोडलेली, एकटीनं मला कशी वळवणार ती? एकदा प्रयत्न केला तर तिचीच कंबर धरली. रडत होती बिचारी, मला म्हणते आजी रागावू नका. तू लिहिणार जखम झाली, आणि वरचे कुणाला धरणार? तिलाच ना?”

“म्हणून तुम्ही...”

“मी एकटी कशाला? सगळ्या दालनाचं ठरलेलं आहे. नवी बाई दाखल झाली की शेजारची तिला सांगते, घरी ती प्रश्नवाली येईल, कार्ड दाखवील, हसऱ्यावर बोट ठेवायचं. बाकी काही बोलायचं नाही. मला सुद्धा शेजारच्या खाटेवालीनं सांगितलं. तिला काय ठाऊक, प्रश्नवाली माझ्याच घरात भांडी घासते म्हणून!”

एरवी ह्या वाक्यावर दोघी हसल्या असत्या. त्या दुपारी बाई उठून पुढच्या खोलीत गेल्या आणि भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे पाठ करून यंत्रापाशी बसल्या.

काय घडले होते ते त्यांना आता लख्ख दिसत होते. एकट्या पडलेल्या परिचारिकेला वाचवावे म्हणून दालनातल्या बायामाणसांनी मायेने एक कट केला होता. आणि त्याच मायेच्या आधारावर मंडळ तिच्या जोडीदारणीला कायमचे उचलून नेणार होते. दोन्ही बाजूंचा हेतू निर्मळ होता, आणि मधला दुवा होत्या त्या स्वतः. खर्च वाचला असे सचिव म्हणत होते, तोही वाचला नव्हता. तो रुग्णालयाच्या दारातून निघून घरोघर जाऊन बसला होता. त्यांच्या स्वतःच्या घरात तो रोज सकाळी पट्टी आणि गरम पाणी मागत होता.

यजमानांनी सगळे ऐकून घेतले. ते मितभाषी, पण धंद्याच्या गोष्टीवर आले की खुलत. “माप घेताना गिऱ्हाईक काय करतं, ठाऊक आहे तुला?” ते म्हणाले. “टेप कमरेला लागली रे लागली, की पोट आत. श्वास कोंडून उभा राहतो. तेच माप धरून सदरा शिवला तर पहिल्या घासाला बटण उडेल.”

“मग तुम्ही काय करता?”

“गप्पा मारतो. मुलीचं कसं चाललंय, छप्पर गळायचं थांबलं का. बोलायला लागला की श्वास सुटतो. मग हळूच टेप ओढायची.”

“पोट किती आहे, असं त्यालाच विचारत नाही?”

“त्याला विचारलं तर तो सांगेल, पोटच नाही मला!”

बाईंनी टेप हातात घेतली. मग म्हणाल्या, “मी आजवर श्वास कोंडलेल्या माणसांची मापं नेली.”

दुसऱ्या दिवसापासून रजेतला मोकळा वेळ काढून त्या पूर्वी जाऊन आलेल्या घरोघरी पुन्हा जाऊ लागल्या, ह्या वेळी कार्डाशिवाय. त्यांनी एकच युक्ती धरली होती. ‘कसं होतं’ हे विचारायचेच नाही. चांगले की वाईट हा निवाडा त्या माणसावर टाकला की तो मायेच्या बाजूनेच निवाडा देणार. त्याला फक्त दिवस सांगायला लावायचा.

बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, भरघोस मिशांचे. बाईंना पाहताच म्हणाले, “झालं की उत्तर देऊन! पुन्हा काय आता, परीक्षा नापास झालो की काय?”

“उत्तर नको. बसल्या बसल्या सांगा, तिथं सकाळी जाग कशी यायची?”

“जाग? झोपलो तर जाग! तहानेनं झोप कुठली.”

“पाणी नव्हतं?”

“होतं की, हाताशी तांब्या होता. प्यायचो नाही.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “आता बाईमाणसाला कसं सांगू... पाणी प्यालं की भांडं मागावं लागतं. भांडं द्यायला सिस्टर पाहिजे. ती एक, आम्ही एवढे. ह्याचं सलाइन संपतंय, त्याला उलटी होतेय. म्हटलं, आपण गाडी बंदच ठेवावी. दुपारनंतर घोट घेतला नाही.”

आतून त्यांची बायको बाहेर आली. “आणि घरी येऊन तापानं फणफणले! लघवीला आग. पुन्हा नेऊन टाकलं तिथंच. डॉक्टर विचारतात, पाणी का पीत नव्हता? हे आपले गप्प.”

“तू गप्प बस गं. त्या पोरीनं बिचारीनं माझी मिशी विंचरून दिली होती ऑपरेशनच्या दिवशी.”

घरोघर असेच निघाले. कुणी हाक मारणे सोडले होते. सुताराच्या बायकोने शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हातारीला स्वतःच्या टाक्यांसकट उठून भरवले होते, आणि त्यात ते टाके उसवले होते. कुणाच्याही बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ते केवळ आपला दिवस सांगत होते. मग बाई वरच्या मजल्यावरून परतलेल्यांकडे गेल्या आणि त्यांनाही दिवसच सांगायला लावला. घंटा वाजवली, कुणीतरी आले. दुसऱ्यांदा वाजवायची वेळ फारशी कुणावर आली नव्हती. एकाच छपराखाली, एका जिन्याच्या अंतराने, दोन निराळी रुग्णालये नांदत होती, आणि कार्डावर खालच्याहून वरचे दुःखी दिसत होते.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी सासूबाईंना सांगितले की आपण बोलणार आहोत.

“बोल! त्या पोरीच्या पोटावर पाय दे!” म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवले.

“तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही आई. शब्द देते.”

“वरच्यांना नाव शोधायला किती वेळ लागतो?”

बाई मनात दोन्ही बाजू तोलू लागल्या. गप्प बसले तर जोडीदारीण जाणार. बोलले तर कदाचित तीच पोर जाणार. त्यांच्या स्वतःच्या वर्षानुवर्षांच्या कामाचे काय होणार हा प्रश्न ह्यानंतरचा, आणि तोही लहान नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष वयोवृद्ध डॉक्टर होते. लांब मेजाच्या टोकाला ते बसलेले, शेजारी सचिव, आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बाई. प्रस्ताव वाचून झाला तेव्हा त्या उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता, असे त्यांनीच मला पुढे सांगितले.

“मी आणलेली उत्तरं बाजूला ठेवावीत अशी विनंती आहे.”

सचिवांना प्रथम आपण चुकीचे ऐकले असे वाटले. “बाई, म्हणजे लोक खोटं बोलले?”

“नाही साहेब. खोटं कुणीच बोललं नाही. ‘ही पोर तुम्हाला आवडते का’ असं मी विचारतेय, असं धरून ते उत्तर देत होते. मी ते ‘शुश्रूषा मिळाली का’ ह्या प्रश्नाखाली लिहिलं. चूक लिहिणारीची आहे.”

“पण इतकी वर्षं...”

“हो. इतकी वर्षं.”

मग त्यांनी दालनातले दिवस सांगितले. बस चालवणाऱ्यांचा तांब्या, सुताराच्या बायकोचे टाके. स्वतःच्या घरातली जखम त्यांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात सांगितली. ज्याला थोडे मिळण्याचीच सवय आहे तो थोड्यालाही पुष्कळ म्हणतो. म्हणून खालच्याचे हसू आणि वरच्याचे हसू एकाच पुठ्ठ्यावर मोजता येत नाही, असेही त्या म्हणाल्या.

सचिवांनी विचारले, “ह्या काळात पाळीवर कोण होतं, नाव सांगता?”

“नाही सांगणार.”

“मंडळाला सहकार्य करणं तुमचं...”

“माझी नोकरी घ्या साहेब. नाव मागू नका. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिनं केलं, म्हणून तर माणसं तिच्यासाठी तहानलेली राहिली.”

 अध्यक्षांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. “मी तरुणपणी त्याच दालनात काम केलंय,” ते सावकाश म्हणाले. “कूस बदलायला दोघी लागतात, हे मला ठाऊक होतं. ते हसरे चेहरे बघून मी विसरलो. विसरायला बरं वाटलं, असं म्हणा.” आणि सचिवांकडे वळून, “प्रस्ताव राहू द्या. नावही राहू द्या.”

इथे गोष्ट संपती तर ती फार सुबक झाली असती. परंतु नव्या रीतीने विचारणे सुरू झाले आणि रुग्णालयाची श्रेणी कोसळली. वर्तमानपत्रांत आले की रुग्णालय बिघडले. खरे तर बिघाड तोच होता, तो प्रथमच दिसू लागला होता. तिथले कर्मचारी बाईंकडे पाहून मान फिरवू लागले. मंडळातल्या एका सहकाऱ्याने, “स्वतःचंच प्रशस्तिपत्र फाडणारी बघितली नव्हती बुवा,” असे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. दालनातून परतलेल्या बायांनीही त्यांना पूर्वीसारखे पाणी विचारले नाही. आपला कट हिने फोडला, असे त्यांना वाटत होते. आणि घरात सासूबाईंनी अबोला धरला. तक्रारीसुद्धा बंद! चहा जसा येई तसा त्या मुकाट पीत. त्या मौनाने बाई जेवढ्या खचल्या तेवढ्या बाकी कशाने खचल्या नाहीत.

मग एका सकाळी दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. साधे कपडे, हातात फळांची पिशवी. बाईंनी तिला ओळखले नाही. गणवेशाशिवाय पाहिले नव्हते. ती मागच्या खोलीत गेली, खाटेपाशी वाकली आणि म्हणाली, “आजी, जखम दाखवा बघू.”

“अगं बाई! तुला काढलं का गं?”

“मला कोण काढतंय? आता आम्ही दोघी असतो आजी, रोज. वरून न्यायला आले तर द्यायची नाही, असा हुकूमच आलाय. तुमच्या जागी आता एक आजी आहेत, तुमच्यासारख्याच भांडकुदळ. पण पाठ स्वच्छ आहे त्यांची.”

तिने बाईंच्या मदतीने म्हातारीला अलगद वळवले, पट्टी सोडली, भरत आलेल्या जखमेवरून नजर फिरवली आणि समाधानाने मान हलवली. दोघींचे हात एकाच लयीत चालले होते. सासूबाईंचे तोंड भिंतीकडे होते. नंतर तशाच स्थितीत त्यांचा आवाज आला, पूर्वीच्या ठणठणीत स्वरात:

“आणि काय गं, तुमच्या तिथं चहा म्हणून जे देता ते काय असतं? भांडी धुतलेलं कोमट पाणी? आणि ती उशी! दगड बरा!”

परिचारिका हसू लागली. बाई मात्र पदरी पडलेल्या ह्या तक्रारीने अशा काही हेलावल्या की त्यांना खोलीबाहेर जावे लागले. पुढच्या खोलीत यजमानांनी यंत्र थांबवले आणि त्यांच्याकडे पाहिले. “श्वास सुटला,” बाई म्हणाल्या.

त्यानंतरही पुष्कळ वर्षे बाई पायी हिंडत राहिल्या. सासूबाई गेल्या, यजमानांची दृष्टी मंदावली आणि यंत्रावर झाकण पडले. प्रशस्तिपत्र भिंतीवर तसेच वाकडे राहिले. ते काढून टाकावे असे मी एकदा सुचवले, तेव्हा बाई म्हणाल्या, “राहू दे. रोज दिसलेलं बरं.” नव्या रीतीवरही त्यांचा आंधळा विश्वास बसला नाही, हिच्यातही माणसे काही झाकत असतील, आपल्याला अजून दिसले नसेल, असे त्या म्हणत आणि पुन्हा बूट चढवून निघत.

अखेरच्या आजारात त्यांना त्याच दालनात ठेवले होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्या क्षीण झाल्या होत्या, पण डोळे जागे होते. माझ्यादेखत दोन परिचारिका आल्या, खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, एकीने खांद्याखाली आणि दुसरीने कमरेखाली हात घातला, आणि त्यांना भिंतीकडून खिडकीकडे वळवले. कोण ह्या बाई, हे त्या दोघींना ठाऊक नव्हते. बाईंनीही सांगितले नाही. “चादरीला सुरकुती राहिलीय,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि ती ओढून सारखी केली गेली.

काही दिवसांनी त्या गेल्या. चेहऱ्यांचे कार्ड आता कुणी वापरत नाही. मंडळाची माणसे घरोघर जातात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, “तिथं सकाळी जाग आल्यापासून सांगा.” आणि खालच्या दालनात कूस बदलायला दोघी येतात.